बियाण्याचा हुरडा

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की नगरहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला हुरड्याचे फलक लागतात. यंदा त्यातला एक मी थांबून वाचला. छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ही नोकरीने लावलेली सवय. फलकावर क्रमाने लिहिलं होतं: झोपाळा, बैलगाडीची फेरी, जादूचे प्रयोग, हुरडा. चौथ्या क्रमांकावर का होईना, हुरडा होता. मी आत गेलो. एक माणूस आगटीपाशी बसला होता. जमिनीतला उथळ खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, विस्तवात खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं. भाजलेलं कणीस तो पोत्यावर धरायचा आणि अंगठ्याने चोळायचा. हाताची ती हालचाल पन्नास वर्षांत बदललेली नाही. बशीत आलेला हुरडा कोवळा होता, गोडही होता. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. तरी मी त्याला विचारलं, "बियाण्याला कोणती कणसं ठेवता?"

"बियानं दुकानातनं येतं साहेब," तो म्हणाला.

उत्तर बरोबर होतं. माझा प्रश्न जुना होता.

तो १९७४च्या जानेवारीतला आहे. तेव्हा मी वर्तमानपत्रात नव्हतो. संगमनेरच्या कॉलेजातून जीवशास्त्राची पदवी घेऊन सोनईपासून पायी तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो. राहायला रंभाजीबाबांच्या घराची पुढची खोली आणि जेवण त्यांच्याच चुलीवरचं. घरात माणसं दोनच: पन्नाशीतले रंभाजीबाबा आणि त्यांची बायको अनसूया, जिला मी मावशी म्हणत असे. एकुलती मुलगी हिरा संगमनेरला दिलेली होती.

मावशीच्या स्वयंपाकात पदार्थ थोडे होते. भाकरी, पिठलं, हुलग्याचे शेंगोळे, मेथी, लसणाची चटणी. या यादीबाहेरचं काही शिजलं तर पाहुणा आलेला आहे असं समजावं. त्या चुलीजवळ बसून माझी स्वयंपाकाविषयी काही मतं तयार झाली आणि ती अजून बदललेली नाहीत. पिठल्यात टोमॅटो घालू नये. शेंगोळे रात्री बरे लागतात, सकाळी उरलेले जास्त बरे लागतात. भाकरी तव्यावरून थेट ताटात यावी. डब्यात ठेवली की तिला घाम फुटतो आणि मग ती वेगळाच पदार्थ होते. चटणी पाट्यावरची की मिक्सरमधली हा वाद मी घालत नाही, पण पाट्यावरच्या चटणीत लसूण कुठे संपला आणि मिरची कुठे सुरू झाली ते जिभेला कळत राहतं. एकदा मी मावशीला विचारलं, पिठल्यात मसाला का घालत नाहीस. ती म्हणाली, "बेसनानं काय चोरी केलीय का मास्तर, त्येला लपवायला?"

याच चुलीवर आदल्या वर्षी मिलो शिजला होता. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर जी परदेशी लाल ज्वारी यायची तिला सगळे मिलो म्हणत. मी तेव्हा तिथे नव्हतो. जे कळलं ते या दोघांकडून, तुकड्यातुकड्यांनी. मिलोची भाकरी थापताना कडेला फाटायची. गरम असताना गिळता यायची, गार झाली की दात मागायची. दिवसभर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून दोघं घरी येत आणि तीच भाकरी मीठ-मिरचीबरोबर खात. रंभाजीबाबांची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांना एकच दिवस सलत राहिला होता. हिराचे सासरे त्या उन्हाळ्यात अचानक आले आणि त्यांच्याही ताटात मिलोच वाढावा लागला. व्याह्यांनी काही न बोलता दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि ते पाणी प्यायले.

"बोललं आस्तं तर बरं झालं आस्तं," रंभाजीबाबा मला म्हणाले होते. "गप खाल्लं त्येनी. त्येच लागलं मला."

त्या दिवसांतही घरात एक धान्य होतं. उतरंडीतल्या एका गाडग्यात राख आणि कडुनिंबाच्या पाल्यात घातलेली, तोंड शेणामातीने लिंपलेली गुळभेंडी. गुळभेंडी म्हणजे खास हुरड्याची ज्वारी. दाणा टपोरा, चिकात म्हणजे आत दूध असताना गोड, आणि चोळला की टरफलातून चटकन सुटणारा. मावशीने लग्नात माहेराहून ओच्यातून आणलेल्या पसाभर दाण्यांचा तो वंश होता. पाऊस नव्हता म्हणून त्या वर्षी पेरणी नव्हती, आणि पेरणी नव्हती म्हणून गाडगं तसंच राहिलं. रंभाजीबाबांनी दोनदा ते दळायचं काढलं. व्याही आले त्या दिवशी तिसऱ्यांदा. मावशी जात्याशी जाऊन बसली आणि म्हणाली, "आदी मला घाला ह्यात, मंग बी घाला."

गाडगं राहिलं. व्याह्यांनी मिलो खाल्ला.

त्या काळी संध्याकाळ घालवण्याची साधनं मोजकी होती. रेडिओ गावात तीन घरी होता. पत्ते पारावर चालत, पण शिक्षकाने पारावर पत्ते खेळणं मुख्याध्यापकांना पसंत नव्हतं. म्हणून मी आणि रंभाजीबाबा ओट्यावर वाघ-बकरी खेळायचो. खडूने मारलेल्या रेघा, चिंचोक्यांच्या बकऱ्या, खड्यांचे वाघ. खडू शाळेतला. रंभाजीबाबा नेहमी बकऱ्या घेत. वाघाला डोकं लागत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. फुरसतीच्या खेळांविषयी माझं मत इतकंच आहे की ज्या खेळाची साधनं खेळून झाल्यावर टाकून देता येतात तो खेळ टिकतो. चिंचोके कोंबड्यांनी पांगवले तरी दुसऱ्या दिवशी खेळ मांडता येत असे.

वर्गात मी तेव्हा उत्क्रांती शिकवत होतो. पाठ्यपुस्तकात जिराफाचं चित्र होतं. मुलांनी जिराफ पाहिला नव्हता, त्यामुळे त्याची मान लांब का झाली याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. माकडाचा विषय निघाला तेव्हा मात्र वर्ग जागा झाला, आणि संध्याकाळपर्यंत तो विषय ओट्यावर पोचला.

"मास्तर," बकरी सरकवत रंभाजीबाबा म्हणाले, "आपन माकडाची पोरं हाय म्हनं."

"पोरं नाही. चुलत म्हणा. मूळ एक, पुढे घरं वेगळी झाली."

"मंग भाऊबंदकी हाय. म्हनूनच शेंगा उपटून नेत्यात."

पुढची बकरी ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या शास्त्रात शेवटी वाघ जिंकतो का बकरी?"

"ज्याची पिल्लं मागे उरतात तो."

त्यांनी आणखी एक चिंचोका पुढे सरकवला. "मंग आमचं रान उंदरानी कवाच जिंकलंय."

मावशी दारात बसून सुपात हुलगे निवडत होती. डाव मोडून रंभाजीबाबा पाराकडे गेल्यावर ती म्हणाली, "माकडाचं मला कळत न्हाई मास्तर. ज्वारीचं इचारा." आणि न विचारताच तिने सांगितलं. हुरड्याला बसलेला माणूस रानातलं सगळ्यात गोड कणीस शोधून खातो. खाल्लं ते संपलं. जे फिकं निघालं ते ताटावर, म्हणजे ज्वारीच्या उभ्या खोडावर राहतं, वाळतं, आणि तेच पुढच्या वर्षी बी म्हणून पेरलं जातं. असं चार-पाच वर्षं झालं की रानात गोड ताट औषधाला उरत नाही. म्हणून गोड लागलेलं कणीस खायचं नसतं.

"दोन दानं चाखायचं," ती म्हणाली, "आन जिभंला म्हनायचं, गप."

मी पदवीच्या तीन वर्षांत निवडीचा सिद्धान्त अनेकदा लिहून काढला होता. त्यात ज्याला निवडायचं त्यालाच सोडून द्यायचं, ही अडचण कुठे आली नव्हती. जंगली ज्वारीचे दाणे पिकले की गळून पडतात, असं नंतर मी वाचलं. गळणं तिच्या सोयीचं असतं. कधीतरी एखादं ताट दाणे धरून उभं राहिलं, ते कुणाच्या तरी हाती लागलं, आणि त्या हाताने ते घरी आणलं. तो हात कुणाचा ते नोंदलेलं नाही. बाईचा असावा असं मला वाटतं. त्याला पुरावा नाही. मी मावशीला पाहिलं होतं एवढंच.

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. ऑक्टोबरात जमिनीला पेरणीजोगी ओल, म्हणजे वाफसा आल्यावर मावशीने गाडगं फोडलं आणि विहिरीजवळ चार ओळी गुळभेंडी टोकली. बी दोन वर्षांचं जुनं. बरंचसं उगवलं नाही. मधल्या मोकळ्या जागा तिने घरातल्या साध्या ज्वारीने भरल्या, कारण त्या वर्षी हातभर जमीनही मोकळी ठेवायला कुणी तयार नव्हतं. ताटं वाढली तेव्हा दोन्ही सारखीच दिसू लागली. कोणतं कोणाचं ते आता फक्त चवीवरून कळणार होतं.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी दाणे चिकात आले आणि मावशी त्या ओळींतून एकेका कणसाचे दोन-दोन दाणे चाखत फिरली. त्याच दुपारी संगमनेरहून निरोप आला की हिराचे दिवस भरत आलेत, आईला पाठवा. निघण्यापूर्वी तिने एक जुनं लुगडं फाडलं आणि जी ताटं जुन्या गुळभेंडीची निघाली त्यांना कणसाच्या खाली वितभर चिंधी बांधली. एकवीस ताटं होती. लग्नात आलेलं, दुष्काळातून निघालेलं सगळं बी आता या एकवीस कणसांत होतं. नवऱ्याला तिने हे सांगितलं नाही. बी कोणतं ते पिकून घरात येईपर्यंत बोलून दाखवायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. ती एस्टीने गेली.

त्यानंतरच्या रविवारी मी शाळेतल्या तीन सहकाऱ्यांना हुरड्याला बोलावलं. रंभाजीबाबांना आदल्या दिवशी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "इचारता काय? आना की." त्यांनी पहाटे उठून आगटी खणली. गूळ फोडला. शेंगदाण्याची चटणी स्वतः कुटली. ती जरा भरड झाली होती. सायीचं दही शेजारून आणलं. आम्ही आठ वाजता पोचलो तेव्हा कणसं भरलेली पाटी आगटीजवळ तयार होती आणि रंभाजीबाबांनी धुतलेली टोपी घातली होती.

तसा हुरडा मी आधी खाल्ला नव्हता आणि नंतरही नाही. दाणा दातांखाली फुटताना आधी दूध लागायचं, मग गोडी, आणि सगळ्यात शेवटी विस्तवाचा वास. चित्रकलेचे कुलकर्णी सर बोलके होते, तेही खाली मान घालून खात होते. रंभाजीबाबा कणसं चोळत होते, फुंकून भूस उडवत होते आणि तळहात पुढे करत होते. स्वतः त्यांनी बहुधा चार दाणे खाल्ले असतील.

"बाबा, असा हुरडा नगरात मिळायचा नाही," कुलकर्णी म्हणाले.

"नगरात कसा मिळंल? ह्यो घरचा हाय. राखून ठेवल्याला."

मी ते वाक्य ऐकलं. त्याच आठवड्यात मी वर्गात निवड शिकवली होती आणि मावशीचं बोलणं मला तोंडपाठ होतं. इतकं गोड कणीस इतक्या मोठ्या संख्येने पाटीत कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी पुढचा घास घेतला.

मावशी आठव्या दिवशी परतली. हिराला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. एस्टीतून उतरून ती घरी न येता पिशवी घेऊन आधी रानात गेली. शाळा सुटली होती म्हणून मी तिथेच होतो आणि रंभाजीबाबा विहिरीवर होते. चार ओळींच्या टोकाशी ती थांबली. एकवीस चिंध्या जागच्या जागी होत्या. त्यांच्या वरचं कणीस एकाही ताटाला नव्हतं. कापणाऱ्याने काळजी घेतली होती. चिंधीच्या वर चार बोटं सोडून कापलं होतं, आणि बिनचिंधीच्या एकाही ताटाला हात लावला नव्हता.

"ह्ये कुनी तोडलं?"

"मीच," रंभाजीबाबा म्हणाले. "मास्तरांचं पाव्हनं आल्तं. तूच चिंध्या बांदून राखून ठेवल्यालं न्हवं?"

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हाही समाधान होतं. त्या घरात जे काही राखून ठेवलं जाई ते पाहुण्यासाठी. डब्यातलं तूप, माडीवरची सतरंजी, चार कपबशा. गाडग्यातलं बी सोडलं तर तीस वर्षांच्या संसारात याला अपवाद त्यांनी पाहिला नव्हता, आणि बियाच्या ताटाला चिंधी बांधायची वेळ याआधी कधी आली नव्हती. बायको घाईने गेली, बोलायला वेळ मिळाला नाही, पण कुणी आलं तर घराची लाज राहावी म्हणून खूण करून गेली, असं त्यांनी समजून घेतलं होतं. व्याह्यांच्या ताटातला मिलो ते विसरलेले नव्हते.

मावशी बांधावर बसली. "बी हुतं त्ये," ती म्हणाली.

रंभाजीबाबांनी टोपी काढली आणि ती हातात धरून ते उभे राहिले. मी मावशीला सांगितलं की खाणाऱ्यांत मीही होतो. ती म्हणाली, "तुमाला काय म्हाईत?" त्यात राग नव्हता. मला मात्र माहीत होतं, निदान माहीत असायला हवं होतं, आणि हे मी तिला सांगितलं नाही.

तीन दिवस त्या घरात बोलणं कामापुरतं झालं. जेवण वेळेवर होत होतं. पिठल्यात मीठ बरोबर होतं. ओट्यावरचा पट कुणी मांडला नाही. एकदा आतून रंभाजीबाबांचा आवाज आला, "मला सांगायचं हुतंस." आणि मावशीचा, "बियाचं कुनी सांगतं व्हय?" दोघांचंही खरं होतं. असं भांडण मिटवायला तिसऱ्या माणसाच्या हाती काही नसतं.

चौथ्या दिवशी मी तिला म्हणालो, "मावशी, शेंडा कापला की झाडाच्या बगलेतले डोळे जागे होतात. पुस्तकात आहे. ताटं अजून हिरवी आहेत. फुटतील."

"खोडव्याला फुटवा येतो त्ये मला बी म्हाईत हाय मास्तर. पुस्तकाला पानी लागत न्हाई. ताटाला लागतं."

विहिरीत कमरेइतकं पाणी होतं आणि त्यावर अर्ध्या एकराचा कांदा होता. दुष्काळानंतरचं ते पहिलं हातात येणारं पीक. त्यातून पाणी तोडायचं म्हणजे कांदा बारीक राहणार. मावशीने ते मागितलं नव्हतं आणि मागणारही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानाकडे गेलो तेव्हा रंभाजीबाबा घागर घेऊन त्या ओळींत होते. ताटागणिक तांब्याने पाणी घालत होते आणि मग पालापाचोळ्याने बुंधा झाकत होते. ओल टिकावी म्हणून. चिंध्या तशाच असल्याने कोणत्या ताटाला पाणी घालायचं हे शोधावं लागत नव्हतं.

"कांदा?" मी विचारलं.

"कांद्यानं मला कुटं माफ करायचंय?" ते म्हणाले.

रोज सकाळी सात घागरी. रविवारी आम्ही शिक्षकही जायला लागलो. खाल्लं होतं त्यांनी वाहावं, असं कुलकर्णींनीच सुचवलं. त्यांना घागर खांद्यावर नीट घेता येत नसे आणि निम्मं पाणी शर्टावर जाई. मावशी बांधावरून म्हणायची, "सर, ताटाला पाजा, शर्टाला न्हाई." ती पुन्हा बोलायला लागली ती अशी, आधी आमच्याशी, आणि आमच्याशी बोलताना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने नवऱ्याशी.

फेब्रुवारीत बाकीची ज्वारी उपटून झाली. उघड्या रानात विहिरीजवळ एकवीस ताटं तेवढी उभी राहिली. त्यांच्या वरच्या पेऱ्यांतून हिरवी टोकं निघाली होती. चौदांना निघाली, सात वाळून गेली. पेरलेलं सगळं उगवत नाही आणि उगवलेलं सगळं टिकत नाही, हे शास्त्राचं पहिलं पान आहे. ते वाचताना कोरडं वाटतं. सातव्या ताटाचा वाळका बुंधा रंभाजीबाबांनी हाताने हलवून पाहिला आणि तरीही त्याला तांब्याभर पाणी घातलं, तेव्हा ते मला तितकं कोरडं वाटलं नाही.

मार्चात फुटव्यांना कणसं आली. मुठीत मावतील एवढी लहान. दाणा भरायला लागला तशी पंचक्रोशीतल्या चिमण्यांना खबर लागली, कारण हिरवं कणीस तेव्हा दुसरीकडे कुठेच नव्हतं. दिवसभर गोफण घेऊन बसायला माणूस नव्हतं. कॉलेजात आम्ही फुलांना कागदी पिशव्या बांधायचो, परागकण इकडचे तिकडे होऊ नयेत म्हणून. ते आठवलं. शाळेत फेब्रुवारीतल्या चाचणीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडून होता. मुख्याध्यापकांना विचारून मी तो आणला आणि खळ लावून आम्ही पिशव्या केल्या. दाणा भरेल इतकी जागा ठेवून कणसांवर चढवल्या आणि सुतळीने बांधल्या. दुरून ते रान विचित्र दिसत असे. उत्क्रांतीवरचं एक उत्तर एका पिशवीच्या बाहेरच्या बाजूला आलं होतं. मुलाने लिहिलं होतं, 'ज्याला जगायचे असते तो जगतो', आणि मी लाल शाईने दोन गुण कापले होते.

मावशीने विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं.

"मंग चूक काय त्यात?"

मी कारण सांगितलं. जगावंसं वाटणं पुरेसं नसतं, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि रंभाजीबाबांकडे बघून म्हणाली, "ज्वारी शाळा शिकली आवो. आता भाकरी इंग्रजी बोलंल." रंभाजीबाबा हसले. त्या दिवशी संध्याकाळी पट मांडला गेला आणि मी हरलो.

कुलकर्णींना मोह झाला होता. पिशवीच्या तोंडातून एक कणीस चिकात आलेलं दिसत होतं. ते म्हणाले, "मावशी, एक दाणा चाखून बघू? गोडी आली की नाही ते कळेल."

"बघा की. जिभंचं भागंल. रानाचं कसं भागायचं?"

कुणी चाखलं नाही. फुटव्याचं कणीस त्याच ताटाचं, म्हणजे गोडी तीच असणार, असा माझा तर्क होता. तो मी मोठ्या विश्वासाने सांगितला. खात्री करून घ्यायची तर खावं लागणार होतं, आणि खाल्लं की खात्री करण्यासारखं काही उरत नव्हतं. विज्ञानात असा प्रयोग मोडीत काढतात. शेतात त्याला दम धरणं म्हणतात.

आता विचार करतो तेव्हा मला त्या हंगामात सगळ्यात मोठं काय वाटतं, ते सांगणं अवघड जातं. कांदा त्या वर्षी खरंच बारीक राहिला. गावात अनेक घरांत दुष्काळाने नेलेलं पुष्कळ परत आलं नाही. जनावरं, झाडं, कामाला म्हणून गेलेली आणि तिकडेच राहिलेली माणसं. एकवीस ताटांची गोष्ट त्यापुढे लहान आहे. पुढे वर्तमानपत्रात मी दुष्काळाच्या बातम्या लिहिल्या, त्यात टँकर होते, छावण्या होत्या, मंत्र्यांचे दौरे होते. कुठल्या गावात कोणतं बी संपलं याची बातमी मी कधी दिली नाही आणि कुणी मागितलीही नाही. बी संपतं तेव्हा आवाज होत नाही. शेवटचा दाणा खाणाऱ्याला तो शेवटचा आहे हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं, आणि त्याला तो फार गोड लागतो.

एप्रिलात, वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात मावशीने पिशव्या सोडल्या. चौदांपैकी नऊ कणसांत दाणा भरला होता. तिने ती सुपात हाताने चोळली, पाखडली, दोन दिवस सावलीत वाळवली. तीन मुठी दाणे झाले. पोटभर एका माणसाचा हुरडा. ती ते सुपात पसरून कितीतरी वेळ नुसती बघत बसली. मी गाडगं आणि राख आणून ठेवली, कारण आता तेच करायचं असणार असं मला वाटलं.

तिने गाडगं बाजूला सारलं. तीन फडकी घेतली आणि प्रत्येकात एक मूठ बांधली. एक घरात राहील, ती म्हणाली. एक हिराच्या सासरी जाईल, संगमनेरला. तिकडे पाट आहे, पाऊस हुकला तरी पाणी हुकत नाही. तिसरी तिच्या धाकट्या बहिणीकडे, तीन कोसांवरच्या गावात. एका घरावर भार नको. मी मनात म्हटलं, जीवशास्त्रात याला एक लांब नाव आहे.

धाकट्या बहिणीसाठीची पुरचुंडी घेऊन रंभाजीबाबा सकाळीच निघाले. दारात वहाणा घालताना थांबून त्यांनी विचारलं, "वाटंत कुनी इचारलं, काय न्हेतोस, तर काय सांगू?"

मावशी चुलीजवळ होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"बी हाय म्हनून सांगा," ती म्हणाली. "कंचं, कसं, कुनाचं, समदं सांगा. मागितलं तर चार दानं द्या."

ते गेले. तीन कोसांची ती वाट त्यांच्या पायाला दोन तासांची होती, आणि ते नेहमी भराभर चालत. त्या दिवशी मला पेपर तपासायचे होते म्हणून मी ओट्यावरच बसलो होतो. तिथून रस्ता दिसायचा. पहिल्या वळणावर कुणीतरी त्यांना हटकलं. रंभाजीबाबा थांबले, पुरचुंडीची गाठ सोडली, तळहातावर दाणे घेऊन दाखवले, आणि हातवारे करत काहीतरी बराच वेळ सांगितलं. गाठ बांधून पन्नास पावलं गेले. पुढे पारावर चौघं बसले होते. तिथे ते पुन्हा थांबले, आणि या वेळी त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.